यहुदी मेन्युहिन आणि राहून गेलेली सरगम

मंद्रसप्तक | बुधवार, रात्री ११:१२

गेल्या रविवारी आमच्याकडे रडारड झाली. लेक नऊ वर्षांची. तीन वर्षं पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकतेय, अर्ध्या मापाचं. सरांचा नियम असा की आधी वीस मिनिटं मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लावून स्केल्स, म्हणजे तिकडची सरगम, आणि त्यानंतरच गाणं. रविवारी तिने गज गादीवर टाकला आणि म्हणाली, "मला गाणं येतंय ना? मग हे कशाला?" मी म्हटलं, सर सांगतात म्हणून. हे उत्तर तिला तर पटलं नाहीच, मलाही पटलं नाही.

ती झोपल्यावर मला यहुदी मेन्युहिनची गोष्ट आठवली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. म्हणून हा धागा.

मेन्युहिन म्हणजे गेल्या शतकातला जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक, १९१६ सालचा. जन्म न्यूयॉर्कचा, वाढला सॅन फ्रान्सिस्कोत. आईवडील ज्यू, वडील हिब्रू शिकवायचे. पोर सांभाळायला कोणी नाही, म्हणून दोघं तान्ह्या मुलाला घेऊनच सिंफनीच्या दुपारच्या कार्यक्रमांना जायची. तिथे वाद्यवृंदाचा मुख्य व्हायोलिनवादक लुई पर्सिंजर एकट्याने वाजवायला लागला की हे बाळ टक लावून बघायचं. चौथ्या वाढदिवसाला काय हवं असं विचारलं, तर व्हायोलिन हवं आणि शिकवायला पर्सिंजर हवा म्हणाला. कुणीतरी पत्र्याचं खेळण्यातलं व्हायोलिन आणून दिलं. त्यातून सूर निघेना, तेव्हा पोराने ते भिरकावून दिलं. शेवटी आजीने पैसे पाठवले तेव्हा खरं वाद्य आलं.

पर्सिंजरने सुरुवातीला घेतलं नाही, पहिले धडे दुसऱ्या शिक्षकाकडे झाले. नंतर मात्र तोच गुरू. त्याची शिकवणी म्हणजे वाजवून दाखवायचं आणि मुलाने ते उचलायचं. मुलगा उचलायचाही. मनगट कसं, अंगठा कुठे, खांदा का उचलला जातो, यावर बोलायची वेळच आली नाही, कारण कुठे अडतच नव्हतं.

आता माझ्या मनात रुतलेला प्रसंग. मेन्युहिन दहा वर्षांचा असताना हे कुटुंब युरोपात गेलं. पर्सिंजर स्वतः ब्रसेल्सच्या यूजेन इझाईचा शिष्य, त्यामुळे मुलाला इझाईकडे पाठवायचं असं त्याच्या मनात होतं. इझाई म्हणजे त्या काळचा व्हायोलिनचा भीष्म. मुलाने त्याला लालोची 'सिंफनी एस्पान्योल' ऐकवली. मोठ्यांनाही घाम फोडणारी रचना. म्हातारा खूश झाला आणि म्हणाला, आता मला ए मेजरचा आर्पेजिओ (स्केलमधले मोजके सूर एकामागोमाग एक घेत चढणं-उतरणं) चार सप्तकांत वाजवून दाखव. झालं! जो मुलगा लालो झरझर वाजवून मोकळा झाला होता, तो पट्टीवर चाचपडायला लागला. इझाईने सांगितलं, बाळ, तू स्केल्स आणि आर्पेजिओंचा रियाज कर.

मुलाने काय केलं? तो परत त्या घरी गेला नाही. त्याला जॉर्ज एनेस्कू हवा होता, रुमानियाचा संगीतकार आणि व्हायोलिनवादक, ज्याला त्याने आधी ऐकलं होतं. पॅरिसमध्ये कार्यक्रमानंतर त्याला गाठलं. एनेस्कू दुसऱ्या दिवशी सकाळीच दौऱ्यावर निघणार होता, तर हा मुलगा पहाटे त्याच्या खोलीवर हजर. एनेस्कू सामान भरतोय आणि हा वाजवतोय. एनेस्कूने त्याला घेतलं. त्या वर्षी उन्हाळ्यात रुमानियातल्या सिनाया गावी शिकवणी झाली. तिथे मिळालं ते संगीत, समज, वाक्याचा श्वास. सरगम तिथेही राहूनच गेली.

आणि तरी पुढची वर्षं बघा. २५ नोव्हेंबर १९२७, कार्नेगी हॉल, वय अकरा. कंडक्टर फ्रिट्झ बुश बेथोवेनचा कॉन्चेर्टो (एकटा वादक पुढे आणि वाद्यवृंद साथीला अशी मोठी रचना) पोराच्या हाती द्यायला तयार नव्हता. त्याच्यापुढे वाजवल्यावर त्याचा विरोध मावळला. मुलाच्या बोटांत खुंट्या पिळण्याएवढी ताकद नव्हती, वाद्य दुसऱ्याने सुरात लावून द्यायचं! १२ एप्रिल १९२९, बर्लिन, ब्रुनो वॉल्टरबरोबर एकाच संध्याकाळी बाख, बेथोवेन आणि ब्राम्स असे तीन कॉन्चेर्टो. तेरा वर्षं पूर्ण व्हायला दहा दिवस बाकी होते. श्रोत्यांत आइन्स्टाइन होता. त्याच वर्षी एका बँकरने त्याला १७३३ सालचं स्ट्रॅडिव्हेरियस, म्हणजे अतिशय दुर्मिळ, नामांकित व्हायोलिन, भेट दिलं. १९३२ मध्ये लंडनला अ‍ॅबी रोडच्या स्टुडिओत पंचाहत्तरीच्या एल्गर या इंग्लिश संगीतकाराने स्वतः उभं राहून आपल्या कॉन्चेर्टोचं ध्वनिमुद्रण केलं आणि वाजवायला हा सोळा वर्षांचा. आधीच्या सरावाला एल्गरने जेमतेम सुरुवात ऐकली, काळजीचं कारण नाही म्हणाला आणि घोड्यांच्या शर्यतींना निघून गेला.

म्हणजे आर्पेजिओ न येताच सगळं जग जिंकून झालं. मग विशीच्या अखेरीला हात अडायला लागला. तिशीत, जगातल्या सगळ्यात मोठ्या व्हायोलिनवादकांत गणना होत असताना, हा माणूस गज धरायचा कसा इथपासून शिकायला बसला.

वाद्य शिकलेल्यांना, शिकवणाऱ्यांना माझा प्रश्न आहे. ते वीस मिनिटांचं स्केल नक्की काय देतं? नऊ वर्षांच्या मुलीला सांगता येईल असं सांगा.

राळ | गुरुवार, सकाळी ७:०५

ताई, लेकीचा प्रश्न अगदी रास्त आहे. मी मुंबईत हौशी वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत बसतो, वीसेक वर्षं झाली. जमेल तसं सांगतो.

व्हायोलिनच्या पट्टीवर गिटारसारख्या आडव्या पट्ट्या नसतात. बोट कुठे पडलं की शुद्ध सूर येईल याची खूण कुठेही नाही. ते अंतर हाताने आणि कानाने मोजायचं. त्यातही अंतर सारखं राहत नाही. वर वर जावं तसं दोन सुरांमधलं अंतर आक्रसत जातं. अगदी वरच्या सप्तकात बोटं एकमेकांना चिकटतात, तरी जाडच वाटतात. चार सप्तकांचा आर्पेजिओ म्हणजे सगळ्यात जाड तारेवरून निघून सगळ्यात बारीक तारेच्या पार टोकापर्यंतचा प्रवास. अंगठा मानेखालून वळून पुढे यावा लागतो, डावं कोपर आत सरकतं. उजवा हात तार बदलेल तशी आपली उंची बदलतो, आणि हे होताना गजाचा वेग, दाब कुठेही हिसका न बसता सांभाळायचा. इझाईने नेमकं तेच मागितलं ज्यात लपायला जागा नाही.

गाणं बसवणं म्हणजे घरापासून शाळेपर्यंतची वाट पाठ होणं. स्केल म्हणजे गावाचा नकाशा. वाट पाठ असलेला माणूस रोज वेळेवर पोचतो, पण मध्येच खोदकाम निघालं की तिथेच उभा राहतो. मेन्युहिनचं तेच झालं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने दोस्तसैन्यासाठी पाचशेच्या वर कार्यक्रम केले. छावण्या, जहाजं, इस्पितळं, मिळेल तिथे आणि मिळेल तेव्हा. रियाजाला वेळ नाही, झोप नाही. हाताची आपसूक चाल बिघडली आणि ती का बिघडली हे शोधायला आतमध्ये नकाशा नव्हता.

एक मात्र सांगतो, पर्सिंजरला दोष देऊ नका. रुजिएरो रिची आणि आयझॅक स्टर्न हे दोघं नामांकित व्हायोलिनवादकही त्याच्याच हाताखालून गेले. एवढं पाणी असलेलं पोर समोर उभं असताना त्याला थांबवून 'आता तुझ्या अंगठ्याकडे बघ' म्हणायला फार मोठं काळीज लागतं.

मांडवीकाठ | गुरुवार, दुपारी १:४०

आमच्या गोव्यात हा प्रश्न पडायच्या आधीच उत्तर दिलेलं असायचं! माझे आजोबा चर्चच्या शाळेत शिकले. तिथे मेस्त म्हणजे गुरुजी पहिले कित्येक महिने हातात वाद्यच द्यायचे नाहीत. सोल्फेज गायचं. दो रे मी, हाताने मात्रा मोजत, कागदावरची ओळ बघून. गळ्यातून सूर नीट निघाला की मग व्हायोलिन. आजोबा म्हणायचे, जो सूर गळ्यात नाही तो बोटाला कुठून सापडणार?

त्याच तालमीवर आमची माणसं मुंबईला जाऊन सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसली. समोर कागद आला की पहिल्या फटक्यात वाजवायचे, कारण रेकॉर्डिंगला वेळ मोजून मिळायचा. अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. लक्ष्मीकांत-प्यारेलाल मधल्या प्यारेलालजींचे ते व्हायोलिनचे गुरू.

ताई, लेकीला स्केल आधी गाऊन बघू दे. व्हायोलिन पेटीत असू दे. दोन-तीन दिवसांत फरक दिसतो.

अडाणा | गुरुवार, रात्री ९:२६

मी थोडा विरोधात बोलणार आहे, राग मानू नये.

माझ्या वडिलांकडे मेन्युहिनच्या तबकड्या होत्या, त्यात तो एल्गरही होता. मी लहानपणापासून ऐकलाय. त्यातला दुसरा भाग लावा. सोळा वर्षांच्या मुलाला हे दुःख कुठून कळलं असेल असं वाटत राहतं. आता त्याच माणसाची साठीतली ध्वनिमुद्रणं ऐका. सूर कधी कधी हलतो, गज थरथरतो. म्हणजे ज्या काळात त्याला काहीच 'माहीत' नव्हतं तेव्हा तो सर्वोत्तम वाजवत होता, आणि सगळं समजून घेतल्यावर तसं पुन्हा कधी जमलं नाही. मग त्या समजण्याने मिळालं काय? शतपावलीला निघालेला माणूस आपण पाय कसा टाकतो याचा विचार करायला लागला की अडखळतो, तसंच हे. मला तर वाटतं, मुलीला आवडतंय तोवर गाणी वाजवू द्यावीत.

राळ | गुरुवार, रात्री १०:०२

अडाणा, एल्गरबद्दल शंभर टक्के सहमत. पण क्रम उलटा लावताय. समजून घेतलं म्हणून हात बिघडला नाही. हात आधी बिघडला होता, समजून घेतलं नसतं तर चाळिशीतच व्हायोलिन पेटीत गेलं असतं. तो पुढे कितीतरी दशकं वाजवत राहिला.

आणि ज्याने पाया आधी घातला त्याचं काय होतं तेही बघा. सोव्हिएत व्हायोलिनवादक डेव्हिड ऑइस्ट्राख. ओडेसात स्टोल्यार्स्कीकडे पाचव्या वर्षापासून, अगदी घडीव शिक्षण. त्याला कुणी बालचमत्कार म्हणून जगभर फिरवलं नाही. १९३५ च्या वायनियाव्स्की स्पर्धेत तो दुसरा आला, पहिली आली पंधरा वर्षांची जिनेट नव्हू. दोन वर्षांनी ब्रसेल्सच्या स्पर्धेत पहिला आला, आणि ती स्पर्धा कुणाच्या नावाची होती? इझाईच्याच! १९४५ मध्ये मेन्युहिन मॉस्कोला गेला तेव्हा ऑइस्ट्राख त्याला विमानतळावर घ्यायला आला होता. तिथून जमलेली मैत्री शेवटपर्यंत टिकली. दोघांनी मिळून वाजवलेला बाखचा दोन व्हायोलिनांचा कॉन्चेर्टो जरूर ऐका. ऑइस्ट्राखचा गज तारेवर तेलासारखा पसरतो.

वाईकर | शुक्रवार, सकाळी ८:१८

मी हिंदुस्थानी पद्धतीचं व्हायोलिन शिकतो. मांडी घालून, वाद्याचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवून. गाव वाई, म्हणजे पं. व्ही. जी. जोगांचं जन्मगाव, त्यामुळे लहानपणी घरात त्यांचं नाव कायम कानावर.

आमच्याकडे पलटे चुकत नाहीत, पण पलट्यांचा उपयोग निराळा. सारेग रेगम गमप हे इतकं घोटायचं की बैठकीत तान सुचली की हात विचारायला थांबू नये. गजाची लांबी वाचवायला शिकवतात, कारण गायकासारखा एका दमात लांब आलाप एका गजात घ्यायचा असतो.

मेन्युहिनला हे संगीत फार मनापासून आवडलं होतं. १९५२ मध्ये पं. नेहरूंच्या निमंत्रणावरून तो भारतात आला, दुष्काळनिधीसाठी कार्यक्रम केले. दिल्लीत रविशंकरांना ऐकलं आणि भारावून गेला. १९५५ मध्ये अली अकबर खाँसाहेब न्यूयॉर्कला वाजवायला गेले ते त्याच्याच आग्रहाने. पुढे १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ महोत्सवात रविशंकर आणि तो एकत्र बसले, नंतर त्यांची तबकडी निघाली. त्यात तिलंग रागावर बांधलेली 'स्वर काकली' आहे. त्या तबकडीला ग्रॅमी मिळालं.

पण त्याच्यासाठी सुरावट लिहून द्यावी लागत होती. जागच्या जागी सुचेल ते वाजवायची तालीम त्याला नव्हती, आणि हे तो मोकळेपणाने कबूल करायचा. पन्नाशीचा, जगन्मान्य माणूस, जमिनीवर मांडी घालून बसलाय, समोर कागद आणि शेजारी अल्लारखाँचा तबला. मला त्यात त्याचा मोठेपणा दिसतो. आपल्याला जे येत नाही तिथे चारचौघांत जाऊन बसायचं धाडस फार थोड्या उस्तादांत असतं.

पर्वतीपायथा | शुक्रवार, दुपारी ४:३३

सगळे वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लिहितो. वय ७४, टंकायला वेळ लागतो.

मेन्युहिन यांचा हात कुणी सावरला हे अजून कुणीच कसं लिहिलं नाही? आपल्या पुण्यातल्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी!

१९५१ मध्ये मेन्युहिन न्यूझीलंडच्या दौऱ्यावर होते. अंग दुखत होतं म्हणून एका वैद्याकडे गेले, तिथे बाहेर बसलेले असताना योगासनांचं एक छोटंसं पुस्तक हाती लागलं. ते वाचून स्वतःच खटपट सुरू केली. पुढच्या वर्षी दिल्लीत नेहरूंशी शीर्षासनावरून गोष्टी निघाल्या आणि दोघांनीही ते करून दाखवलं. मुंबईत आले तेव्हा राजभवनावर गुरुजींना बोलावणं गेलं. वेळ दिली होती पाच मिनिटांची. गुरुजींनी बघितलं, माणूस पार थकलाय. आसनं शिकवण्याऐवजी त्यांना आडवं केलं, बोटांनी डोळे-कान मिटून षण्मुखी मुद्रा दिली. मेन्युहिन गाढ झोपले. उठले ते ताजेतवाने, आणि पाच मिनिटांची भेट बरीच लांबली.

१९५४ मध्ये त्यांनी गुरुजींना स्वित्झर्लंडला ग्श्टाडला बोलावून घेतलं. तिथून गुरुजींचं पश्चिमेकडे जाणं सुरू झालं. निरोप घेताना एक मनगटी घड्याळ दिलं, मागे कोरून घेतलं होतं, 'माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षकास'. व्हायोलिनची एक तारही न छेडणाऱ्या माणसाला! १९६६ मध्ये गुरुजींचं योगावरचं इंग्रजी पुस्तक आलं, त्याला प्रस्तावना मेन्युहिन यांचीच.

मी मॉडेल कॉलनीतल्या गुरुजींच्या योगसंस्थेत ऐंशीच्या दशकात जात होतो, मान आणि उजवा खांदा धरला होता म्हणून. कचेरीत दिवसभर टाइपरायटर. तिथे ताडासनात म्हणजे नुसतं सरळ उभं राहण्यात पहिला आठवडा गेला. शिक्षक मागून येऊन खांद्याच्या पात्याखाली दोन बोटं लावायचे आणि म्हणायचे, इथून उचला. तोवर आपण खांदा कानाकडे नेतो हेच मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं अंगात राहिलेली चूक, दोन बोटांनी कळली. मला व्हायोलिनमधलं काही कळत नाही. पण गज धरलेला हात पाठीतून सुरू होतो, असं मेन्युहिन यांना उमगलं ते कसं, याची कल्पना मी करू शकतो.

नंतर त्यांनी व्हायोलिनचे धडे लिहिले, तेही आधी वाद्याशिवायच्या हालचालींनी सुरू होतात. आणि १९८२ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या शताब्दीला त्यांनी शीर्षासनात उभं राहून पायांनी बेथोवेनची पाचवी सिंफनी कंडक्ट केली होती, तेव्हा साठी उलटलेली.

मंद्रसप्तक | शुक्रवार, संध्याकाळी ६:५०

काका, डोळ्यांत पाणी आलं. मी त्या संस्थेपासून दहा मिनिटांवर राहते आणि हे घड्याळ मला माहीत नव्हतं. 'इथून उचला' हे दोन शब्द मी वहीत लिहून ठेवलेत. लेक वाजवताना तिचा उजवा खांदा असाच कानाकडे जातो. सर सांगतात 'खांदा खाली', आणि तो दोन मिनिटांत परत वर.

अडाणा, तुमचं म्हणणं मी झटकून टाकत नाहीये. एल्गर काल रात्री ऐकला. ते वय पुन्हा येत नाही हे खरं.

दूरदेशी | शनिवार, पहाटे २:१५

इंग्लंडहून. सरे परगण्यात स्टोक डॅबर्नन नावाचं खेडं आहे, तिथे मेन्युहिनने काढलेली संगीतशाळा आहे. १९६३ मध्ये सुरू केली, मॉस्कोच्या सेंट्रल म्युझिक स्कूलवरून कल्पना सुचली होती. मुलं तिथेच राहतात, शाळा आणि संगीत एकाच छपराखाली. नायजेल केनेडी तिथलाच, सात वर्षांचा असताना दाखल झाला होता.

मी मुलांचे कार्यक्रम ऐकायला दोनदा गेलेय. साधारण बारा वर्षांच्या चार मुलांनी हायडनचं क्वार्टेट वाजवलं. मला आठवतं ते असं, की सुरू करायच्या आधी चौघांनी एकमेकांकडे बघून एकत्र श्वास घेतला आणि त्या श्वासावरच पहिला सूर पडला. एकट्याने चमकायचं शिक्षण तिथे पुरेसं धरत नाहीत, सगळ्यांना चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या जणांनी मिळून वाजवणं, करावंच लागतं. मेन्युहिन स्वतः आयुष्यात जेमतेम एक दिवस शाळेत गेला होता. आईवडिलांनी दोन बहिणींसकट घरीच शिकवलं, बरोबरीची मुलंच आसपास नव्हती. आपल्याला जे मिळालं नाही ते त्याने इथे बांधलं असं मला वाटतं. १९९९ मध्ये बर्लिनला वारला, पुरलं मात्र याच शाळेच्या आवारात.

आणखी एक, कारण इथे सगळं बोटांबद्दल चाललंय. जुलै १९४५ मध्ये मेन्युहिन बेर्गेन-बेल्झेनला गेला होता, छावणी मुक्त होऊन तीन महिने झाले होते. पियानोवर बेंजामिन ब्रिटन. समोर सुटका झालेले, अजून धड उभेही न राहू शकणारे कैदी. आउशविट्झच्या वाद्यवृंदात चेलो वाजवून जिवंत राहिलेली अनिता लास्कर त्या श्रोत्यांत होती. आणि दोनच वर्षांनी हाच ज्यू वादक बर्लिनला जाऊन फुर्टव्हेंगलर या, नाझी राजवटीत जर्मनीतच काम करत राहिलेल्या कंडक्टरबरोबर वाजवला. त्यावरून त्याला आपल्याच लोकांचे फार बोल ऐकावे लागले, पण तो हटला नाही. आंतरराष्ट्रीय कारकीर्द म्हणताना विमानं आणि सभागृहं डोळ्यांपुढे येतात. मला आधी ही दोन वर्षं आठवतात.

अडाणा | शनिवार, सकाळी ९:४०

बेल्झेनचं माहीत नव्हतं. ज्या काळात हात बिघडत होता म्हणून आपण बोलतोय तो हाच काळ की! १९४४ च्या नोव्हेंबरात हंगेरीचा संगीतकार बार्टोकने त्याच्यासाठी लिहिलेला एकट्या व्हायोलिनचा सोनाटाही त्याने पहिल्यांदा वाजवला. बार्टोक तेव्हा न्यूयॉर्कात आजारी, पैशाची ओढाताण, आणि मेन्युहिनने आपणहून रचना मागितली. वडिलांच्या कपाटात त्याचीही तबकडी आहे, मी कधी धीराने पूर्ण ऐकली नव्हती. आज लावतो.

स्केलबद्दल मी अर्धा मागे येतो. पण वीस मिनिटं मेट्रोनोमवर नऊ वर्षांच्या पोरीला जास्तच आहेत, यावर ठाम आहे.

राळ | शनिवार, सकाळी ११:२०

त्या 'अर्ध्या'वर मीही सहमत. दहा मिनिटं, पण कान उघडे ठेवून. आणि रोज एकाच पद्धतीने करू नये. एक दिवस सगळं गजाच्या मुठीजवळ, एक दिवस टोकाकडे, एक दिवस एका गजात चार सूर. मेन्युहिनच्या मुंबईभेटीच्या काळात इथे मेहली मेहतांचा वाद्यवृंद होता, १९३५ मध्ये काढलेला, झुबिन मेहतांचे वडील ते. चाळिशीच्या उंबरठ्यावर संसार मागे ठेवून न्यूयॉर्कला इव्हान गलामियनकडे शिकायला गेले होते. गलामियन म्हणजे स्केलमध्ये लय आणि गज बदलत राहायला लावणारा गुरू, पर्लमनसारखे त्याच्या हाताखाली घडले. म्हणजे स्केल कंटाळवाणं असायलाच हवं असं काही नाही.

मंद्रसप्तक | रविवार, रात्री १०:०५

आजचं सांगते.

सकाळी मांडवीकाठ यांचं ऐकून पेटी बंदच ठेवली आणि दोघींनी जी मेजर गायलं, तिने दो रे मी आणि मी सा रे ग म. मग तिला इझाईची गोष्ट सांगितली. तिने एकच विचारलं, "मग त्याला ते नंतर आलं का?" मी म्हटलं, आलं, पण मोठा झाल्यावर खूप वर्षं घालवावी लागली. ती गप्प बसली.

दुपारी क्लासला मी सरांना तिचा प्रश्न तसाच विचारला. मला वाटलं होतं चिडतील. त्यांनी तिच्याच मिन्युएटचा (नाचाच्या चालीची छोटी रचना) कागद काढला. हा मिन्युएट वर्षानुवर्षं बाखचा म्हणून वाजवला गेला, खरा तो क्रिस्तियान पेट्झोल्डचा. तिच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हणाले, यात स्केल कुठे दिसतं तिथे गोल कर. तिने पहिल्याच मापातले (दोन उभ्या रेघांमधला भाग म्हणजे माप) शेवटचे चार सूर आणि दुसऱ्या मापातला पहिला यांच्याभोवती गोल केला. सर म्हणाले, शाब्बास, आणखी शोध.

घरी येऊन कागद जमिनीवर पसरला. पोटावर पडून बोटाने ओळ गिरवत होती आणि पुटपुटत होती. मग ओरडली, "आई, इकडे ये!" पहिल्या गोलात सा रे ग म प. तिसऱ्या मापापासून दुसरा, म प ध नि सां. दोन गोल जोडले की सगळंच्या सगळं स्केल पहिल्या चार मापांत बसलंय, आणि ती हे सहा महिने वाजवत होती.

खांद्याचंही करून बघितलं, काका. पाठीमागे उभी राहिले, पात्याखाली दोन बोटं लावली आणि म्हटलं, इथून उचल. खांदा खाली आला. मग ती म्हणाली, "आता बोटं काढू नकोस," आणि तशीच मिन्युएट शेवटपर्यंत वाजवली.